नाव रिकामं असेल तर

इर्बिद शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या तीन हजार मुलींची लग्नं मी लावली, असं मी चिडले की म्हणते. खरं तर मी लग्नाच्या निमंत्रणांची वेबसाइट लिहिते. मालक मुअतसिम, पण कोडची ओळ न् ओळ माझी. म्हणून त्या एका ओळीचं पापही माझंच, ते मी कुणाच्या माथी मारत नाही.

आमची पत्रिका म्हणजे तयार चित्र नसतं. मजकूर असतो आणि त्यात भोकं असतात. माननीय अमुक, तमुक यांचे चिरंजीव अमुक यांचा विवाह तमुक यांची कन्या अमुक हिच्याशी. या प्रत्येक अमुक-तमुकच्या जागी मी महिरपी कंसांच्या दोन जोड्या घालते आणि आत त्या जागेची खूण इंग्रजीत लिहिते. यजमान साइटवर फॉर्म भरतो. वराचं नाव, वधूचं नाव, दोन्हीकडच्या वडिलांची नावं, आणि वडिलांच्या नावापुढे साध्या कंसात 'अबू अमुक', म्हणजे अमुकचा बाप, असं लिहायला वेगळा रकाना, कारण आमच्याकडे अर्ध्या माणसांना त्यांच्या थोरल्या लेकराच्या, शक्यतो मुलाच्या, नावानेच ओळखतात. पाहुण्याने मोबाईलवर पत्रिका उघडली की त्या क्षणी महिरपी कंस जातात आणि नावं येऊन बसतात. पाचशे पाहुणे तर पाचशे पत्रिका, प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव. लोकांना जादू वाटते. कसली जादू, रिकाम्या जागा भरा, शाळेत करायचो तेच.

फक्त एक जागा लोक भरत नाहीत. वधूची.

पहिल्या वर्षी तिथे नुसती पोकळी दिसायची आणि लोक फोन करून ओरडायचे की तुमचं काहीतरी चुकलंय. मुअतसिमच्या वडिलांचा खालच्या मजल्यावर छापखाना होता, चाळीस वर्षं. कागदाच्या पत्रिकेवर ते अशा वेळी 'सुकन्या' छापायचे, फारच पुढारलेलं घर असलं तर नावाचं पहिलं अक्षर. "मग आपणही तेच करू," मुअतसिम म्हणाला. "नाव रिकामं असेल तर 'कन्या अमुक'ऐवजी नुसतं 'सुकन्या' टाक. एवढं काय त्यात?"

काहीच नव्हतं. डाव्या हातात फलाफलचं सँडविच होतं, उजव्या हाताने मी ती ओळ लिहिली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोन बंद झाले, सगळे खूश. शंभरातल्या चाळीस पत्रिकांवर माझा हा बदली शब्द जाऊन बसू लागला आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

वाटलं ते माझं स्वतःचं लग्न ठरल्यावर.

मी एकोणतीस वर्षांची. उबादा औषधांच्या दुकानात आहे, माणूस सरळ आहे, जास्त काही सांगण्यासारखं नाही. त्याच्याकडची बुजुर्ग मंडळी रीतीप्रमाणे येऊन मागणी घालून गेली, कॉफी प्यायली गेली, तारीख ठरली. पत्रिकेचं त्याच्या वडिलांनी आमच्यावर सोपवलं. "मुलीचीच साइट आहे, आणि नाव टाकायचं की नाही ते मुलीच्या बापानेच ठरवायचं," असं म्हणून ते मोकळे झाले.

शुक्रवारी दुपारी मक्लूबाचं पातेलं परातीत उलटं केलं, भात नीट सुटला, आईचा चेहरा फुलला, म्हटलं हीच वेळ.

"याबा, फॉर्म मी भरून टाकते. तुम्ही फक्त पाहुण्यांची यादी द्या."

"भर की." वडिलांनी वांग्याची फोड उचलली. "माझं नाव, पोराचं नाव, त्याच्या बापाचं. झालं."

"आणि माझं."

"तुझं कशाला?"

"लग्न माझं आहे म्हणून!"

"अगं, पाचशे लोकांच्या मोबाईलमध्ये माझ्या मुलीचं नाव फिरणार? अड्ड्यावरचे ड्रायव्हर चहा पिता पिता वाचणार? वाचून पुढे पाठवणार?"

"ड्रायव्हर वाचतील म्हणे! तुम्ही स्वतः कोण होतात?"

"म्हणूनच सांगतोय. ड्रायव्हर काय बोलतात ते मला विचार."

आई मध्ये पडली. "नाव नसलं म्हणून लग्न अडतं का? माझ्या पत्रिकेवर कुठे होतं? तरी आलेच की मी."

"यम्मा, तू गप्प बस. तुझं नाव फिकरिया आहे हे या गल्लीत किती जणांना माहीत आहे सांग."

"माहीत असून काय करणार आहेत ते? सगळे उम्म किनान म्हणतात, मला ऐकू येतं, मी ओ देते." उम्म म्हणजे आई, आणि किनान माझा धाकटा भाऊ. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मला राग नुसत्या नकाराचा आला नव्हता. माझे वडील फव्वाज, इर्बिद ते अम्मान मिनीबस चालवायचे. मी झाले तेव्हा त्यांनी गाडीच्या समोरच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव स्वतः चिकटवलं. रुदैना. हे एवढं मोठं. अड्ड्यावर सगळे त्यांना अबू रुदैना म्हणायचे आणि ते छाती काढून चालायचे. मी नऊ वर्षांची असताना किनान झाला. त्या आठवड्यात एकदा शाळेतून येताना गाडी दिसली, तर काचेवर माझ्या नावाचा फक्त गोंद उरला होता. पुढच्या शुक्रवारी तिथे 'किनान' आलं. अड्ड्यावरची दोन-चार जुनी खोडं सोडली तर सगळं गाव त्यांना अबू किनान म्हणू लागलं. छोट्या पोरीचं नाव काचेवर चालतं, मोठ्या मुलीचं मोबाईलवर चालत नाही. मला हे पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं.

संध्याकाळी उबादाला फोन केला. तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? माझ्या फोनमध्ये आहे की तुझं नाव, तेही बदामासकट." मी फोन ठेवला.

रविवारी सकाळी ऑफिसात गेले ती धुमसतच. मरमियाचा पाला घातलेला चहा गार होऊन गेला. ती ओळ उघडली. नाव रिकामं असेल तर 'सुकन्या'. माझ्या हाताने लिहिलेली, आणि आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ती खोडली. डोक्यात हिशोब असा, की वडील फॉर्म भरतील, तिथे भोक दिसेल, भोक बघून त्यांना लाज वाटेल आणि झक मारत नाव लिहावं लागेल. चाचणीच्या प्रतीवर आधी करून बघायचं असतं, हे मी नव्या मुलांना शिकवते. मी थेट चालू साइटवर केलं. होऊ दे काय व्हायचं ते, असंच वाटत होतं.

आणि एक गोष्ट रागात आठवलीच नाही. मागच्या वर्षी मी पत्रिकांची सगळी यंत्रणा बदलली होती. जुनी यंत्रणा नाव नसलं तर पोकळी सोडायची. नवीला नाव सापडलं नाही आणि बदली शब्दही नसला, तर ती महिरपी कंस आतल्या खुणेसकट जसेच्या तसे दाखवते. आणि नावं ती पत्रिका उघडताना भरते, त्यामुळे आधीच पाठवलेल्या पत्रिकासुद्धा सुटल्या नाहीत.

चाळीस मिनिटांत पहिला फोन आला. रमथाचे हाजी दिरगाम. त्यांचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"कोण बोलतंय? मी बजावून सांगितलं होतं ना, मुलीचं नाव नको! आणि तुम्ही ते इंग्रजीत छापलंत?"

"इंग्रजीत?" मी साइट उघडली. वधूच्या जागी दोन-दोन महिरपी कंस आणि आत इंग्रजीत 'ब्राइड नेम'. "हाजी, ते तिचं नाव नाही."

"मग कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही. ती नावाची जागा आहे."

"जागा? मी जागा मागितली होती का? अरे, माझा साडू अबू धाबीहून विचारतोय, हा ब्राइड कोण? नवरा मुलगा ख्रिस्ती आहे का?"

"हाजी, पाच मिनिटांत दुरुस्त करते."

"आणि ते वाकडे आकडे कसले आहेत दोन्ही बाजूंना?"

"कंस आहेत."

"माझी मुलगी काय चोरून नेणार आहे कोणी, तिला आकड्यांत अडकवून ठेवलीत ती?"

एरवी मी हसले असते. दुसरी लाइन वाजत होती, तिसरीही. मी ओळ परत घातली, एकदा स्वल्पविराम राहिला म्हणून परत घातली. तोवर मुअतसिम जिन्यावरून धापा टाकत वर आला होता.

"त्रेसष्ट लग्नं! त्रेसष्ट घरांत तो कंस गेलाय! काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. सर्व्हरवर ढकललं की झालं, आमच्या धंद्यात सर्व्हर सगळी पापं पोटात घालतो. पण मी सांगून टाकलं, मक्लूबापासून सगळं.

तो डोकं धरून बसला. "तुझ्या घरचं भांडण माझ्या साइटवर कशाला आणलंस, रुदैना? तीन वर्षं मी तुझ्या कोडवर डोळे मिटून विश्वास ठेवला." मग उठला आणि यादी छापून माझ्यासमोर आपटली. "प्रत्येक घरी तू फोन करायचास. तू, मी नाही. माफी मागायची आणि आता पत्रिकेवर काय दिसतंय ते वाचून दाखवायचं."

दोन दिवस मी तेच केलं. "तुमच्या पत्रिकेवर आता 'यांची सुकन्या' असं दिसेल." त्रेसष्ट वेळा. शिव्या खाल्ल्या, शाप खाल्ले, एका बाईने मला माझं लग्न कधी होणार नाही असं सांगितलं. तिला मी तारीख सांगितली नाही.

पण एकोणिसाव्या फोनवर अजलूनच्या डोंगरातला एक बाप निघाला, ऑलिव्हची बाग असलेला, हळू बोलणारा.

"म्हणजे तिथे नाव टाकता येतं?" त्याने विचारलं.

"येतं. रकाना आहे ना."

"आहे, पण पुढे लिहिलंय, नाही भरला तरी चालेल. मला वाटलं, चालेल म्हणजे भरायचा नसतो. खाली आपोआप सुकन्या आलं, म्हटलं रीत असेल तुमच्याकडची. आता उशीर झाला का?"

"नाही झाला."

"मर्वा. मर्वा लिहा. तिची आई इथे बाजूलाच उभी आहे, तीही हो म्हणतेय."

मी मर्वा लिहिलं आणि बराच वेळ पुढचा नंबर लावला नाही. या माणसाला नाव लपवायचं नव्हतं. त्याच्या मुलीचं नाव मी खाल्लं होतं, फलाफल खाता खाता. मग पुढच्या सगळ्यांना मी सरळ विचारत गेले, नाव नको आहे, की राहून गेलं? बहुतेकांनी नकोच सांगितलं, काहींनी फोन आपटला. पण मर्वाच्या बापाला धरून अकरा जणांनी नावं दिली. अकरा.

तो आकडा घेऊन मी मुअतसिमपुढे गेले. "फॉर्म बदलूया. रकाना रिकामा सोडता येणार नाही असा करूया. नाव तरी लिहायचं, नाहीतर 'नाव नको' हे बटण स्वतःच्या बोटाने दाबायचं, ते दाबलं तरच 'सुकन्या' येईल. आपण आपल्या मनाने काही लावायचं नाही."

"लोक चिडतील."

"चिडू देत. चिडलेल्या लोकांचा मला आता सराव झालाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. "चाचणीच्या प्रतीवर आधी," तो म्हणाला.

बदल साइटवर गेला तो बुधवारी. खरं सांगायचं तर तो बदल मी अजलूनच्या बापासाठी केला नव्हता, माझ्या बापासाठी केला होता. रकाना रिकामा सोडणं सोपं असतं, त्यात माणूस काही करतच नाही. पण समोर प्रश्न आला, खाली बटण आलं, तर ज्या बोटाने माझं नाव काचेवर दाबून दाबून चिकटवलं त्याच बोटाने ते 'नाव नको' दाबतील? मला खात्री होती, नाही दाबणार. मी घरी जाऊन शांतपणे सांगितलं, "याबा, फॉर्म तुम्हीच भरा. मी हात लावणार नाही."

"भरतो. त्यात काय?" ते म्हणाले. बसचे टप्पे पाठ असलेला माणूस, मोबाईलवर एक शब्द लिहायला त्यांना पाव तास लागतो.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात होते. आई दहा वाजता फोनवर म्हणाली, चष्मा लावून बसलेत, मला जवळ येऊ देत नाहीत. अकराला म्हणाली, अजून बसलेत. पावणेबाराला माझ्या पडद्यावर नवी नोंद आली. फव्वाज सुलैमान, इर्बिद. पाहुणे पाचशे बारा.

मी सगळ्यात आधी वधूचा रकाना बघितला.

नाव नको.

त्यांनी दाबलं होतं. मीच बनवलेलं बटण, मीच निवडलेला करडा रंग. चूक नव्हती, विसर नव्हता, बदली शब्दाच्या माथी मारायचीही सोय मी ठेवली नव्हती. पायावर धोंडा मारून घ्यायचा तर इतका नेमका कोणी मारून घेत नाही. मुअतसिमने काचेतून बघितलं आणि तो खाली निघून गेला. मी रडले. आणि रडता रडता, सवय म्हणून, पाठवण्याआधी पत्रिका कशी दिसते ते उघडलं.

वराकडचं सगळं बरोबर होतं. खाली आमची ओळ होती. फव्वाज सुलैमान (अबू रुदैना) यांची सुकन्या.

मी परत वाचलं. नोंद उघडून रकाना तपासला. कुठून जुनं काही चुकून आलं असेल म्हटलं, पण येणार कुठून, हा फॉर्म आम्ही याआधी कधी भरलाच नव्हता. तिथे त्यांनी स्वतः, एकेक अक्षर शोधून, लिहिलं होतं. मी फोन लावला.

"याबा, 'अबू'च्या पुढे काय लिहिलंत?"

"दिसतंय ना तुला? चष्मा मी लावतो, तू नाही."

"किनान काय म्हणेल?"

"त्याच्या लग्नात त्याचं लिहीन."

"पाचशे बारा लोक वाचतील. ड्रायव्हर वाचतील, चहा पिता पिता."

"वाचू देत. अड्ड्यावरचे जुने लोक मला अजून त्याच नावाने हाक मारतात. कोणाची हिंमत आहे त्याच्यावर बोलायची? ते माझं नाव आहे."

"आणि माझं, याबा? माझं नाव कुठे आहे?"

मागे आई नळ बंद करत होती, तो आवाज आला.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "मला जिथे लिहिता आलं तिथे लिहिलं."

फोन त्यांनीच ठेवला. मी पडद्यासमोर बसून राहिले. वधूचा रकाना उघडून 'नाव नको' काढायला आणि माझं नाव टाकायला मला दहा सेकंदं लागली असती. साइट माझी, कोड माझा, त्यांना कळलंही नसतं, निदान पहिला ड्रायव्हर वाचेपर्यंत. बोटं कळफलकावर होती. पण त्यांनी पावणेदोन तास बसून भरलेला फॉर्म होता तो. त्यातलं एक अक्षर मी बदललं असतं, तर दुसरंही त्यांचं राहिलं नसतं.

मला हवं होतं तिथे माझं नाव नव्हतं. हे मी त्यांना माफ केलेलं नाही, लग्न झाल्यावरही करणार नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

मी डोळे पुसले आणि 'पाठवा' दाबलं. पाचशे बारा मोबाईल. अर्ध्या मिनिटात माझाही वाजला, कारण पाहुण्यांच्या यादीत सगळ्यात पहिला नंबर त्यांनी माझा घातला होता, आणि पाहुण्याच्या रकान्यात, माननीयच्या पुढे, लिहिलं होतं रुदैना फव्वाज.